शिडी आणि पूल : कार्यालयीन संदेशवहनाचा एक धडा

इ. स. १८६१ मधील प्रसंग. फ्रान्समधील कोमांत्री येथील कोळशाच्या खाणीत काम करणाऱ्या एका घोड्याचा पाय मोडला. हेन्री फेयॉल या तरुण अभियंत्याने बदली घोडा देण्याचा लेखी आदेश काढला. परंतु त्यावर संचालकांची सही नाही, म्हणून तबेल्याच्या रखवालदाराने तो नाकारला. संचालक गैरहजर होते आणि त्यांच्या जागी कोणाचीही नेमणूक झालेली नव्हती. फेयॉल यांची विनवणी व्यर्थ गेली. घोडा मिळाला नाही आणि खाणीच्या त्या थरावरील उत्पादन बुडाले.

रखवालदार कामचुकार नव्हता. तो हुकमाचे पालन करीत होता. मग चूक कोणाची? व्यवस्थापनशास्त्राच्या अभिजात विचारात या प्रश्नाचे उत्तर सापडते.

तीन विचारवंत

अमेरिकेतील फ्रेडरिक टेलर यांचा शास्त्रीय व्यवस्थापनावरील ग्रंथ १९११ साली प्रसिद्ध झाला. कामाचा विचार नियोजन विभागाने करावा आणि कामगाराने लेखी सूचनापत्रानुसार ते पार पाडावे, अशी त्यांची योजना होती. त्यामुळे सूचना स्पष्ट झाल्या, परंतु संदेश प्रामुख्याने वरून खालीच वाहू लागला. त्याच वर्षी वॉटरटाऊन येथील सरकारी शस्त्रास्त्र कारखान्यात घड्याळ लावून काम मोजण्यास सुरुवात होताच ओतकाम करणाऱ्या कामगारांनी संप केला. ज्यांचे काम मोजावयाचे त्यांना विश्वासात न घेतल्याचा हा परिणाम होता.

जर्मन समाजशास्त्रज्ञ मॅक्स वेबर यांनी नोकरशाहीचे विवेचन केले. अधिकारांची उतरंड, ठरलेले नियम आणि लेखी नोंदी ही तिची लक्षणे होत. कागदाला आपण कितीही नावे ठेवली, तरी निर्णय कोणी व कशाच्या आधारे घेतला हे त्यावरूनच कळते. व्यक्तीच्या लहरीपासून नागरिकाला मिळणारे ते एक संरक्षणच आहे.

फेयॉल हे पुढे त्याच कंपनीचे प्रमुख झाले आणि १८८८ ते १९१८ अशी तीस वर्षे त्यांनी ती धुरा वाहिली. १९१६ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात त्यांनी व्यवस्थापनाची चौदा तत्त्वे मांडली. कर्मचाऱ्याला एकाच वरिष्ठाकडून आदेश मिळावेत, हे त्यांतील एक. आणि आदेश व अहवाल यांचा प्रवास अधिकाराच्या साखळीतून व्हावा, हे दुसरे.

विसरलेला पूल

आपल्या कार्यालयांत ‘योग्य मार्गाने’ हे शब्द सर्वांच्या परिचयाचे आहेत. साखळी आपण नीट लक्षात ठेवली. परंतु तिला जोडून फेयॉल यांनी जे सांगितले, ते मात्र विसरलो.

दोन शाखांतील समान दर्जाचे दोन कर्मचारी प्रमुखापासून पाच-पाच पायऱ्या खाली आहेत, असे समजा. शिडीच्या मार्गाने एकाचा निरोप दुसऱ्यापर्यंत जाण्यास दहा टप्पे लागतात आणि उत्तर परत येण्यास आणखी दहा. यावर फेयॉल यांनी पुलाचा उपाय सुचविला. दोघांच्या निकटच्या वरिष्ठांनी त्यांना परस्पर बोलण्याची मुभा द्यावी आणि जे ठरेल ते त्यांनी वरिष्ठांना तत्काळ कळवावे. दोघांत एकमत न झाल्यास प्रकरण पुन्हा शिडीवर न्यावे. विनाकारण साखळी सोडणे ही चूक आहेच. पण कामाची हानी होत असताना तिलाच चिकटून राहणे ही त्याहून मोठी चूक, असे त्यांचे मत होते.

उदाहरणार्थ, शाळेतील मुलांना एकाएकी जुलाब होऊ लागल्यास मुख्याध्यापकांनी वरिष्ठांकडे अहवाल पाठविणे योग्यच आहे. परंतु त्याच घटकेस प्राथमिक आरोग्य केंद्र व ग्रामपंचायत यांना कळवावे आणि तसे कळविल्याची नोंद अहवालात करावी. यात शिस्तीचा भंग होत नाही आणि पाण्याची तपासणीही दुसऱ्या दिवसावर जात नाही.

महाराष्ट्राच्या २००५ च्या कायद्याने कर्मचाऱ्याकडे नस्ती सर्वसाधारणपणे सात कामकाजाच्या दिवसांहून अधिक प्रलंबित राहू नये, असे बंधन घातले आहे. मेजावरील मुदत कायदा ठरवू शकतो; दोन मेजांमधील पूल मात्र वरिष्ठांच्या विश्वासानेच उभा राहतो. आपल्या गैरहजेरीत निर्णय कोण घेईल आणि हाताखालच्या माणसाने कोणाशी परस्पर बोलावे, हे प्रत्येक कार्यालयप्रमुखाने आधीच लिहून ठेवले, तर तबेल्याच्या दारात कोणालाही ताटकळत उभे राहावे लागणार नाही.