तेल शुद्ध आहे, मग गिऱ्हाईक परत का येत नाही?



आजचा विषय ऐकून तुम्ही म्हणाल, सरांनी ब्युटी पार्लरचा कोर्स काढला की काय! विषय आहे कोरडे, सरळ केस. पण धडा धंद्याचाच आहे. व्हिडिओत जे घाईत सांगितलं, ते इथे नीट मांडतो.

कुडाळ तालुक्यातल्या वालावलच्या एक ताई आपल्या बॅचला होत्या. लक्ष्मीनारायणाचं देऊळ आणि शेजारचा तलाव बघायला येणारे पर्यटक हे त्यांचं गिऱ्हाईक. घरच्या माडांचं खोबरं वाळवून घाण्यावर काढलेलं तेल, 100 मिलीची बाटली. पहिल्या हंगामात माल खपला, पण पुढे फोनवरून एकही ऑर्डर येईना. ताई म्हणाल्या, "सर, माजां त्याल शुद्ध आसा, तरी गिरायक परत येना नाय."

मी म्हटलं, "दहा जणींना फोन करा. विकू नका, फक्त विचारा." उत्तरं जवळजवळ सारखीच आली: तेल छान आहे हो, पण केस चपटे होतात. चिकटपणा घालवायला दोनदा शॅम्पू लागतो आणि टोकं आणखी कोरडी पडतात. या बहुतेक जणींचे केस सरळ आणि बारीक होते.

असं का होतं?

टाळूतून नैसर्गिक तेल सुटतं. सरळ केसावरून ते सहज खाली पसरतं, म्हणून मुळांजवळचे केस लवकर तेलकट दिसतात. पण लांब केसांच्या टोकांपर्यंत ते पुरेसं पोचत नाही. टोकं जुनी, झिजलेली असतात, ती कोरडीच राहतात. म्हणजे एकाच डोक्यावर वर तेलकट आणि खाली रुक्ष! अशा डोक्यावर ओंजळभर तेल थापलं तर जिथे नको तिथेच जास्त बसतं.

मग खोबरेल वाईट का? मुळीच नाही. त्यातलं लॉरिक आम्ल केसाच्या आत शिरू शकतं. 2003 साली 'जर्नल ऑफ कॉस्मेटिक सायन्स'मध्ये खोबरेल, सूर्यफूल तेल आणि खनिज तेल यांची तुलना छापून आली. केसांतल्या प्रथिनांची झीज स्पष्टपणे कमी केली ती फक्त खोबरेलाने. संशोधक खोबरेल विकणाऱ्या मॅरिको कंपनीतलेच होते, हेही ध्यानात ठेवा.

थोडक्यात, माल बरोबर होता. वापर चुकत होता आणि तो कोणी सांगितलाच नव्हता.

सांगायची पद्धत

1. तेल न्हाण्याआधी अर्धा-एक तास लावा. खांद्यापर्यंतच्या बारीक केसांना सुमारे 3 मिली, म्हणजे अर्ध्या चमच्याहून थोडं जास्त, पुरतं.
2. कानाच्या खालच्या भागाला आणि टोकांना लावा. टाळूवर थापू नका.
3. शॅम्पू फक्त टाळूला. खाली उतरणारा फेस टोकांना पुरेसा आहे.
4. कंडिशनर लावलाच तर फक्त टोकांना, आणि नीट धुऊन काढा.
5. टॉवेलने खसाखसा घासू नका, टिपून घ्या. केस वाळल्यावर हवं तर एक-दोन थेंब तळहातावर चोळून टोकांवरून हात फिरवा.

"कमी लावा म्हटलं तर तेल खपणार कसं?"

ताईंचा हा प्रश्न रास्त होता. वहीत हिशेब मांडला. आठवड्यातून दोनदा, दर वेळी 10 मिली लावलं तर 100 मिलीची बाटली पाच आठवडे जाते. दर वेळी 3 मिली लावलं तर 30 मिलीची बाटलीसुद्धा पाच आठवडेच जाते! मात्र छोट्या बाटलीत बाटली, लेबल आणि पाठवणी यांचा खर्च तेलाच्या प्रमाणात उतरत नाही. म्हणून किंमत 100 मिलीला तीनने भागून काढू नका. प्रत्येक खर्च वेगळा लिहा.

आणि तिसऱ्या धुण्यानंतर फळीवर पडून राहिलेली मोठी बाटली? ती एकदाच विकली गेलेली बाटली असते.

लेबलची गोष्ट

'केसांचं तेल' म्हणून बनवून विकलं की ते सौंदर्यप्रसाधन ठरतं. त्याला अन्न व औषध प्रशासनाचा उत्पादन परवाना लागतो. खाद्यतेल म्हणून विकायचं तर एफएसएसएआयची नोंदणी. 18 डिसेंबर 2024 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की, बाटली लहान आहे एवढ्यावरून खोबरेल केसांचं तेल ठरत नाही. तो वाद कराचा होता. 22 सप्टेंबर 2025 पासून दोन्हींवर जीएसटी 5 टक्केच आहे, पण परवान्यांतला फरक कायम आहे. केसांना लावायची चिठ्ठी सोबत द्यायची असेल तर सौंदर्यप्रसाधनाचाच रस्ता धरा. स्वतःचा कारखाना नसेल तर परवानाधारक उत्पादकाकडून माल करून घेता येतो. ताईंनी तेच केलं. त्यांच्या जुन्या लेबलवर 'केस गळणे थांबवते' असं होतं. ते मी आधी काढायला लावलं. जे सिद्ध करता येत नाही, ते छापायचं नाही.

आणखी एक: खोबरेल साधारण 24 अंशांखाली गोठतं. थंडीत पुण्याची गिऱ्हाईक "भेसळ आहे" म्हणायच्या आत तुम्हीच सांगून ठेवा.

पुढे काय झालं?

ताईंनी त्याच दहा जणींना पुन्हा फोन लावला. नवीन काही विकलं नाही. घरात पडलेली बाटली कशी वापरायची एवढंच सांगितलं. सगळ्या परत आल्या नाहीत. ज्या आल्या, त्यांनी आधी विचारलं, "ती छोटी बाटली कधी मिळेल?"

गृहपाठ: तुमचा माल एकदाच घेतलेल्या पाच जणांना या आठवड्यात फोन करा. एकच प्रश्न विचारा: "तुम्ही तो कसा वापरलात?" उत्तर मध्ये न तोडता ऐका आणि जसंच्या तसं वहीत लिहा. पुढच्या धड्याला वही घेऊन बसा.