अंगणातील व बांधावरील मोठी झाडे : छाटणी व तोड कशी करून घ्यावी

जालना जिल्ह्यातील बहुतेक गावांत घराच्या अंगणात कडुनिंब, विहिरीच्या काठी चिंच व बांधावर आंबा किंवा बाभूळ उभी असते. सावली, फळ, पाला व जळण यांसाठी जोपासलेले हे झाड वयाने मोठे झाले म्हणजे त्याची एखादी फांदी छपरावर झुकते, खोड पोखरले जाते किंवा शेंडा विजेच्या तारांस लागतो. वळवाच्या वादळात अशीच झाडे प्रथम उन्मळतात. म्हणून त्यांची व्यवस्था वेळीच करणे इष्ट होय.

२०१२-१३ च्या दुष्काळात जिल्ह्यातील मोसंबीच्या अनेक बागा पाण्यावाचून वाळल्या व शेतकऱ्यांना त्या तोडाव्या लागल्या. मोसंबीचे झाड बुटके असल्यामुळे ते काम घरच्या माणसांनी उरकता येते. चाळीस फूट उंचीच्या चिंचेची गोष्ट मात्र निराळी आहे. तिची एकच फांदी कित्येक मण वजनाची असते व ती चुकीच्या बाजूस पडल्यास घर, गुरे व माणूस यांपैकी काहीच वाचत नाही. अशा झाडास हात लावण्याचे काम जाणकार माणसाकडेच सोपवावे.

तोड की छाटणी?

प्रथम झाड नीट पाहावे. खोडावर लाकडी मोगरीने ठोकल्यास पोकळ आवाज येणे, बुंध्याशी छत्रीसारखी बुरशी उगवणे, खोडाच्या छिद्रांतून भुसा गळणे, मुळांजवळची माती एका बाजूने उचलली जाणे व झाड अलीकडेच कलू लागणे, ही धोक्याची लक्षणे होत. फक्त काही फांद्या वाळल्या असतील किंवा छपरावर आल्या असतील, तर तेवढ्याच काढाव्यात. पुष्कळदा छाटणीने भागत असताना झाड मुळासकट काढले जाते, कारण तोडणाऱ्यास लाकूड हवे असते. म्हणून लाकूड विकत घेणाऱ्या माणसाच्या एकट्याच्या सल्ल्यावर निर्णय घेऊ नये. कृषि सहाय्यक, वनरक्षक किंवा खरपुडी येथील कृषि विज्ञान केंद्र यांचा सल्ला आधी घ्यावा.

परवानगी

झाड स्वतःच्या जमिनीत असले तरी ते मनास येईल तेव्हा तोडता येत नाही. महाराष्ट्र वृक्षतोड (विनियमन) अधिनियम, १९६४ याच्या अनुसूचीत साग, चिंच, आंबा, जांभूळ, मोह, फणस, चंदन, खैर, अंजन इत्यादी जाती आहेत. त्या तोडण्यापूर्वी वृक्ष अधिकाऱ्याची परवानगी आवश्यक असते. झाड वाळलेले, रोगट, वाऱ्याने पडलेले किंवा जीवितास व मालमत्तेस धोकादायक असल्यास परवानगी नाकारली जाऊ नये, अशी तरतूदही त्यात आहे. म्हणून अर्जात झाडाची जात, घेर, जागा व तोडीचे कारण स्पष्ट लिहावे. अर्ज कोठे द्यावयाचा, हे वन परिक्षेत्र कार्यालयात समजते. काही जातींचे लाकूड वाहून नेण्यासही वेगळा परवाना लागतो. त्याची चौकशी तेथेच करावी.

जालना शहर व अंबड, भोकरदन, परतूर यांसारखी नगरे यांना १९७५ चा नागरी क्षेत्रातील झाडांच्या संरक्षणाचा अधिनियम लागू आहे. तेथे महानगरपालिकेकडे किंवा नगरपरिषदेकडे अर्ज करावा लागतो. सामाईक बांधावरील झाड असल्यास शेजाऱ्याची लेखी संमती घ्यावी. एका झाडापायी दोन घरांचे वैर पिढ्यान्‌पिढ्या चालण्यापेक्षा एका कागदावरची सही पुष्कळ बरी.

माणूस निवडताना

सामान्यतः दोन प्रकारे काम दिले जाते. एकात लाकडाचा व्यापारी उभे झाड ठरवून विकत घेतो व तोड स्वतःच्या खर्चाने करतो. दुसऱ्यात मालक मजुरी देतो व लाकूड स्वतःकडे ठेवतो. कोणताही प्रकार असो, पुढील गोष्टी पाहाव्यात.

१. त्या माणसाने पूर्वी गावात किंवा शेजारच्या गावी तोडलेले झाड पाहून यावे व तेथील मालकास विचारावे.

२. किमान दोघांकडून दर मागवावेत. झाड न पाहता सांगितलेला दर मान्य करू नये.

३. त्याच्याकडे मजबूत दोर, धार असलेली करवत, शिरस्त्राण व उंचीवर बांधून घेण्याचा पट्टा आहे की नाही ते पाहावे. यांत्रिक करवत वापरणाऱ्याने डोळ्यांस चष्मा व पायांत बूट घातलेच पाहिजेत.

४. मजुरांचा अपघात विमा आहे काय, हे विचारावे. नसल्यास प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेत १८ ते ७० वर्षे वयाच्या बँक खातेदारास वर्षाला २० रुपये हप्त्यात अपघाती मृत्यूसाठी २ लाख रुपयांचे संरक्षण मिळते. हा विमा कामाच्या आदल्या दिवशी नव्हे, तर पुरेसा आधी उतरलेला असावा.

५. सर्व रक्कम आगाऊ देऊ नये. इसार देऊन उरलेली रक्कम काम पूर्ण झाल्यावर द्यावी.

ठरलेल्या गोष्टी कागदावर लिहाव्यात. कोणते झाड, किती फांद्या, लाकूड व पाला कोणाचा, बुंधा खणून काढावयाचा की नाही, भिंतीचे किंवा पाइपलाइनचे नुकसान झाल्यास भरपाई कोणी द्यावयाची व काम किती दिवसांत संपवावयाचे, एवढे लिहिले म्हणजे पुढील तंटे टळतात.

काम चालू असताना

झाड तारांजवळ असल्यास महावितरणच्या कार्यालयास आधी कळवून वीजपुरवठा बंद करून घ्यावा. ओली फांदी तारेस टेकल्यास वीज तिच्यातून माणसापर्यंत पोहोचते. झाडाच्या उंचीच्या दुप्पट अंतराच्या आत मुले, गुरे व बघे यांस येऊ देऊ नये. जोराचा वारा किंवा पाऊस असल्यास काम थांबवावे.

झाड ज्या बाजूस पाडावयाचे त्या बाजूस प्रथम खोडाच्या जाडीच्या सुमारे चौथ्या हिश्शाइतकी खाच घेतात. नंतर विरुद्ध बाजूने, खाचेच्या तळापेक्षा किंचित वर करवत चालवतात. मध्ये जाडीच्या दहाव्या हिश्शाएवढी पट्टी न कापता ठेवावी लागते. ही पट्टी बिजागरीप्रमाणे झाडास योग्य दिशेने खाली आणते. ती कापणारा माणूस अनाडी समजावा.

जाड फांदी एकाच घावात तोडल्यास साल खोडापर्यंत सोलली जाते. ती तीन कापांत काढावी. पहिला काप खोडापासून सुमारे एक फूट अंतरावर खालच्या बाजूने, दुसरा त्याच्या थोडा पुढे वरून व तिसरा उरलेल्या खुंटास फांदीच्या मुळाशी घ्यावा. तेथे सालीचा फुगीर कंगोरा असतो, तो कापू नये. अमेरिकेच्या वन खात्यातील संशोधक अ‍ॅलेक्स शिगो यांनी हजारो खोडे उभी चिरून दाखवून दिले, की हा कंगोरा शाबूत असल्यास झाड जखम आतून बंद करते व कूज पसरत नाही. एका वर्षात पर्णसंभाराच्या चौथ्या हिश्शाहून अधिक छाटू नये, तसेच शेंडा सपाट उडवू नये. शेंडा उडवलेल्या झाडास फुटणारे धुमारे कमकुवत असतात व पुढे तेच मोडून पडतात.

मोसंबीत फळांची तोडणी झाल्यावर वाळलेली सल काढावी, कात्री प्रत्येक झाडानंतर निर्जंतुक करावी व जखमांवर १ किलो मोरचूद, १ किलो चुना व १० लिटर पाणी यांची बोर्डो पेस्ट लावावी. त्यामुळे डिंक्या रोगास आळा बसतो.

वेळ व पुढील लागवड

हे काम माघ-फाल्गुनात, वळवाचे वारे सुरू होण्यापूर्वी उरकावे. परवानगीस लागणारा अवधी ध्यानात घेऊन अर्ज दिवाळीनंतर लगेच करावा. मोठी तोड हाती घेण्यापूर्वी झाडावर पक्ष्यांची घरटी किंवा मधमाश्यांचे पोळे नाही, याची खात्री करून घ्यावी. तोडलेल्या झाडाच्या बदल्यात पावसाळ्याच्या आरंभी नवे रोप लावावे. मात्र ते घराच्या पायापासून, विहिरीच्या बांधकामापासून व तारांखालून दूर असावे, म्हणजे पुढच्या पिढीवर हाच खर्च पुन्हा करण्याची पाळी येणार नाही.