तरवार, सूड आणि शांती

शास्त्रपाठ: मत्तय ५:३८–४८, मत्तय २६:४७–५६, रोमकरांस पत्र १२:१४ ते १३:७.



खेड्यातील मंडळीत काम करणाऱ्या उपदेशकास एक प्रश्न वारंवार विचारण्यात येतो. दुष्ट मनुष्य शस्त्र घेऊन दारी आला, तर प्रभूच्या शिष्याने काय करावे? हात जोडून उभे राहावे, की हात उगारावा? दुसरा गाल पुढे करावा, ही शिकवण आपणांस ठाऊक आहे. दुष्टास शासन करण्याकरिता अधिकाऱ्याच्या हाती तरवार दिलेली आहे, हे पौलाचे शिक्षणही ठाऊक आहे. ह्या दोहोंचा मेळ कसा घालावा, हे शिकण्यास फार दूर जावे लागत नाही. आपल्या मराठवाड्याच्या इतिहासातच हा धडा आहे.

१. आपल्या मुलखात काय घडले

हिंगोली हा निराळा जिल्हा १ मे १९९९ रोजी झाला. त्यापूर्वी तो परभणी जिल्ह्यात होता, आणि १९४८ पर्यंत हा सर्व मुलूख हैदराबादच्या निजामाच्या राज्यात होता. १५ ऑगस्ट १९४७ रोजी देश स्वतंत्र झाला, परंतु निजामाने भारतात सामील होण्याचे नाकारले. प्रजेचा लढा आरंभी शांततेचा होता. १९३८ साली हैदराबाद स्टेट काँग्रेसने सत्याग्रह केला, आणि स्वामी रामानंद तीर्थ ह्यांच्यासारख्यांनी तुरुंगवास पत्करिला. पुढे कासीम रझवीच्या रझाकारांनी गावोगाव लूट, जाळपोळ व खून आरंभिले. पुष्कळ कुटुंबे घरदार टाकून पैनगंगेपलीकडे वऱ्हाडात गेली. तेव्हा सरहद्दीवर छावण्या उभ्या राहिल्या व तरुणांनी बंदुका हाती घेतल्या. ३० जानेवारी १९४८ रोजी ह्या तरुणांनी नांदेडकडील उमरी येथील बँक लुटून लढ्यासाठी पैसा मिळविला. त्याच दिवशी सायंकाळी दिल्लीत महात्मा गांधींचा वध झाला. शस्त्र धरावे की न धरावे, हा प्रश्न त्या पिढीपुढे असा उभा होता.

रझाकारांची तरवार केवळ हिंदूंवरच चालली असे नाही. ‘इमरोज’ पत्राचे संपादक शोएबुल्लाखान हे मुसलमान होते. राज्याने भारतात सामील व्हावे, असे त्यांनी निर्भयपणे लिहिले, म्हणून ऑगस्ट १९४८ मध्ये हैदराबादेत त्यांचा खून करण्यात आला.

१३ सप्टेंबर १९४८ रोजी भारताचे सैन्य राज्यात शिरले आणि १७ सप्टेंबरास निजामाने शरणागती पत्करिली. तो दिवस मराठवाडा मुक्तिदिन म्हणून आपण पाळतो, आणि तो आनंदाने पाळणे योग्यच आहे. भयाने रात्री जागून काढणाऱ्या गावांना त्या दिवशी झोप लागली.

परंतु धडा येथे संपत नाही. रझाकारांचे राज्य मोडल्यावर अनेक ठिकाणी लोकांनी आपल्या मुसलमान शेजाऱ्यांवर सूड उगविला. भारत सरकारने पंडित सुंदरलाल व काझी अब्दुल गफ्फार ह्यांस चौकशीस पाठविले. २७ ते ४० हजार माणसे प्राणास मुकली असावीत, असा त्यांच्या समितीचा अंदाज होता. उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर आणि आपल्या लगतचा नांदेड, हे जिल्हे सर्वांत अधिक होरपळले. सैन्याचे वर्तन सामान्यतः चांगले होते, असे समितीने म्हटले. तरी काही ठिकाणी शिपाईही ह्या पापात सामील झाले, हेही तिने लपविले नाही. मात्र हा अहवाल पुष्कळ वर्षे प्रसिद्ध झाला नाही. आपण १७ सप्टेंबरची गोष्ट मुलांस सांगतो. त्यापुढील आठवड्यांची गोष्ट क्वचितच सांगतो.

२. बळ आणि सूड ह्यांतील भेद

बाहेरून पाहता दोन्ही कृत्ये सारखीच दिसतात. दोन्हींत शस्त्र आहे, दोन्हींत रक्त आहे. परंतु त्यांत भेद आहे, आणि तो तीन खुणांनी ओळखता येतो.

पहिली खूण: हात कोणावर पडतो? अत्याचाऱ्यास अडविणे ही एक गोष्ट, आणि त्याच्या जातीचा वा धर्माचा म्हणून दुसऱ्यास मारणे ही दुसरी. ज्या विणकराने वा शेतमजुराने रझाकारांची लाठीही कधी धरिली नव्हती, त्याचा अपराध तो काय? नियमशास्त्रात दोघां-तिघां साक्षीदारांवाचून कोणास दोषी ठरविण्याची मनाई आहे. आश्रयनगरे नेमिली, तीही एवढ्याचसाठी, की सूड घेणाऱ्याच्या रागापूर्वी न्याय व्हावा.

दुसरी खूण: हात केव्हा थांबतो? धोका टळताच जे थांबते, ते रक्षण. धोका टळल्यावर जे आरंभ होते, तो सूड. निजाम शरण आल्यानंतर गावात कापाकाप करणाऱ्यास आपण रक्षण करीत होतो, असे कसे म्हणता येईल?

तिसरी खूण: अधिकार कोणाचा? रोमकरांस पत्राच्या बाराव्या अध्यायात पौल सूड घेण्याची मनाई करितो, आणि तेराव्यात अधिकाऱ्याच्या तरवारीविषयी लिहितो. दोन्ही अध्याय एकत्र वाचावे. आपल्या रागास देवाचा न्याय समजू नये, हे पहिल्याचे सार; आणि तरवार धरणारा अधिकारीही देवास जबाबदार आहे, हे दुसऱ्याचे. म्हणून गणवेष घालून केलेला खूनही खूनच होय.

ह्या प्रश्नावर सर्व ख्रिस्ती लोकांचे एकमत नाही. ऑगस्तीनाने न्याय्य कारणासाठी राजसत्तेने केलेले युद्ध क्षम्य मानिले. मेनोनाईट व क्वेकर मंडळ्यांनी कोणतेही शस्त्र धरण्याचे नाकारिले. परंतु सूड घेण्यास ह्यांपैकी कोणीही मान्यता दिलेली नाही.

देशाचा कायदाही हाच भेद मानितो. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे. तिच्या कलम ३४ ते ४४ अन्वये प्रत्येकास स्वसंरक्षणाचा हक्क आहे. परंतु रक्षणास लागेल त्याहून अधिक इजा करण्याचा, किंवा पोलिसांचे साहाय्य घेण्यास अवकाश असता स्वतः हाणामारी करण्याचा हक्क नाही.

३. प्रभूने काय केले

गेथशेमाने बागेत पेत्राने तरवार उपसून प्रमुख याजकाच्या दासाचा कान तोडिला. त्याचा हेतू प्रभूच्या रक्षणाचाच होता. तरी प्रभूने त्यास तरवार म्यानात घालावयास सांगितले, आणि लूक सांगतो की, धरावयास आलेल्या त्या दासाचा कान त्याने बरा केला. जखम कोणी केली हे विचारीत न बसता, ती बरी करणे हेच शिष्याचे काम होय.

१९४८ सालीही असे लोक निघाले. कित्येक ठिकाणी हिंदूंनी आपला जीव धोक्यात घालून मुसलमान शेजाऱ्यांस वाचविले, असे त्याच समितीने नमूद केले आहे. त्यांनी शस्त्र न धरिता, जमावास भिऊन पळून न जाता, शेजाऱ्यांचे रक्षण केले. शांतीचा मार्ग भेकडांचा नव्हे, हे त्यांनी दाखविले.

४. आपल्या गावासाठी

आज औंढा, वसमत, कळमनुरी, सेनगाव किंवा हिंगोली तालुक्यातील खेड्यात रझाकार येत नाहीत. परंतु बांधावरून, पाणंदीवरून, विहिरीच्या पाळीवरून भाऊबंदांच्या कुऱ्हाडी निघतात. एका तरुणाने खोडी केली, तर त्याच्या साऱ्या वस्तीवर राग निघतो. दारू पिऊन नवरा बायकोस मारितो, आणि मंडळीतील वडील तिला निमूट सोसावयास सांगतात. ही शांती नव्हे. हे अन्यायावर पांघरूण घालणे होय. अशा बहिणीस आसरा देणे व पोलीस ठाण्यापर्यंत तिच्यासोबत जाणे, हेही शांती करणाऱ्याचेच काम आहे.

इब्री लोकांस पत्राच्या बाराव्या अध्यायात शांतीच्या मागे लागण्याची आज्ञा आहे. मागे लागणे म्हणजे वाट पाहणे नव्हे. उपदेशकांनो, भांडणाची कुणकुण लागताच दोन्ही घरी जा. खोटी अफवा तुमच्यापाशीच थांबू द्या. ज्याच्यावर अन्याय झाला त्याचा पक्ष घ्या; परंतु अन्याय करणाऱ्याच्या मुलाबाळांचे पाणी तोडू देऊ नका.

चर्चेसाठी प्रश्न

१. लूक ३:१४ मध्ये बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाने शिपायांस काय सांगितले, आणि काय सांगितले नाही?
२. आपल्या गावातील वडीलधाऱ्यांस १९४८ सालाविषयी काय ऐकून ठाऊक आहे? त्यांत दोन्ही बाजूंची दुःखे येतात काय?
३. वर सांगितलेल्या तीन खुणा आपल्या गावातील एखाद्या चालू तंट्यास लावून पाहा. कोणाचा हात कोठे थांबावयास पाहिजे?
४. ह्या आठवड्यात कोणत्या एका घरी समेटासाठी जाणे तुम्हांस अवश्य आहे?