कागदात लपलेलं हार्मोन

कीटकनाशक म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर फवारणीचा पंप आणि विषाची बाटली येते. पण विष न देताही किडा मारता येतो. कसा? त्याला मोठं होऊच द्यायचं नाही!

किड्याचं कवच ताणलं जात नाही, म्हणून वाढताना तो कात टाकतो. (मी कॉन्व्हेंटवाला, मला 'मोल्टिंग' आधी कळलं, 'कात टाकणे' नंतर!) कात टाकण्याचा सिग्नल देतं एक्डायसोन. पुढे पिल्लूच राहायचं की प्रौढ व्हायचं, हे ज्युव्हेनाइल हार्मोन ठरवतं. शेवटच्या पिल्लू-अवस्थेत ते बंद झालं, तरच किडा प्रौढ होतो. म्हणजे आपल्या भाषेत एक स्विचच.

१९६० च्या दशकात कारेल स्लामा हे शास्त्रज्ञ प्रागहून हार्वर्डला कॅरोल विल्यम्स यांच्या लॅबमध्ये आले. सोबत आणलेले तांबडे ढेकूण तिथे प्रौढच होईनात. पाचव्या अवस्थेनंतर सहावी, कधी सातवी, पण पिल्लूच. आणि शेवटी मरण. हवा, पाणी, खाणं सगळं तपासलं. दोषी निघाला डबीत ठेवलेला पेपर टॉवेल! अमेरिकन वर्तमानपत्रांच्या कागदानेही तेच झालं, युरोपच्या कागदाने मात्र नाही. कारण अमेरिकेत कागदासाठी बाल्सम फर हे झाड वापरत. १९६६ साली बॉवर्स आणि सहकाऱ्यांनी त्यातून ज्युव्हाबायोन वेगळं केलं. झाडाने बनवलेली ही नकल स्विच बंदच होऊ देत नाही.

गंमत म्हणजे ज्युव्हाबायोन मुख्यतः या ढेकणांच्या कुळावरच चालतं. आपल्या कपाशीवरचा लाल ढेकूण त्याच कुळातला, आणि त्याच्यावरही हा परिणाम दिसला.

मग शेतकऱ्याचा प्रश्न सुटला का? इथेच खरी मेख आहे. पिल्लू मोठं झालं नाही तरी खातच राहतं! बोंडअळीसारख्या किडीत नुकसान करते ती अळीच. तिचं बालपण लांबवून काय फायदा? डासाचं उलट आहे. अळी पाण्यात असते, चावते ती प्रौढ मादी. म्हणून याच तत्त्वावरची मेथोप्रिन, पायरिप्रॉक्सिफेन ही कृत्रिम रसायनं डासांच्या अळ्यांवर उपयोगी पडतात.

म्हणून मला वाटतं, औषध किती जालीम आहे यापेक्षा किडा कोणत्या वयात त्रास देतो, हे आधी विचारावं. योग्य सिग्नलसुद्धा चुकीच्या वेळी मिळाला, तर सिस्टिम कोसळते. हे तर आपण इंजिनिअरिंगवाले जाणतोच!