फोड एकसारखे, रोग निराळे

शरीरात शिरलेल्या जंतूंशी लढण्यासाठी रक्तात प्रतिपिंडे तयार होतात, हे आपणांस ठाऊक आहेच. क्वचित ही प्रतिपिंडे स्वतःच्याच त्वचेतील प्रथिनांना चिकटतात. त्यामुळे त्वचेचे थर सुटतात, मध्ये पाणी साचते आणि फोड येतात. असे रोग अनेक आहेत. नुसत्या डोळ्यांना ते पुष्कळदा सारखेच दिसतात. उपचार मात्र वेगळे. मग ते ओळखावेत कसे?

येथे पदार्थविज्ञान मदतीला येते. फ्लुओरेसीन हे रंगद्रव्य सुमारे ४९० नॅनोमीटर तरंगलांबीचा निळा प्रकाश शोषते आणि सुमारे ५२० नॅनोमीटरचा हिरवा प्रकाश बाहेर टाकते. या गुणधर्माला अनुदीप्ती म्हणतात. अमेरिकेत आल्बर्ट कून्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९४१ मध्ये प्रतिपिंडालाच अनुदीप्त द्रव्य जोडून दाखविले.

फोडाशेजारच्या त्वचेचा छोटा तुकडा गोठवून त्याचे पातळ काप घेतात. मानवी प्रतिपिंडांना चिकटणारी, फ्लुओरेसीन जोडलेली प्रतिपिंडे त्यांवर सोडतात, जादा द्रव धुऊन टाकतात आणि काप सूक्ष्मदर्शकातून निळ्या प्रकाशात पाहतात. पेंफिगस या रोगात बाह्यत्वचेच्या पेशींभोवती हिरवी जाळी दिसते. बुलस पेंफिगॉइडमध्ये बाह्यत्वचा व अंतस्त्वचा यांच्या सांध्यावर एकच रेघ उजळते.

पण एपिडर्मोलिसिस बुलोसा अ‍ॅक्विझिटा या तिसऱ्या रोगातही सांध्यावर तशीच रेघ दिसते! दोन्ही रोगांतील लक्ष्य-प्रथिने अगदी जवळजवळ असतात आणि सुमारे २०० नॅनोमीटरपेक्षा कमी अंतरावरचे दोन बिंदू साध्या प्रकाशीय सूक्ष्मदर्शकाला वेगळे दाखविता येत नाहीत.

यावरचा उपाय मिठाचा आहे. निरोगी मानवी त्वचेचा तुकडा लिटरला ५८.५ ग्रॅम मीठ असलेल्या, म्हणजे एक मोलर द्रावणात ४ अंश सेल्सियसला दोन-तीन दिवस ठेवतात. त्वचा नेमकी सांध्यातून सुटते. वरचा भाग छत, खालचा तळ. तिच्या कापांवर प्रथम रुग्णाचा रक्तरस व नंतर फ्लुओरेसीन जोडलेली प्रतिपिंडे सोडतात. पेंफिगॉइडमध्ये सामान्यतः छत उजळते, तिसऱ्या रोगात तळ. तळ उजळविणारे आणखी काही दुर्मिळ रोग असल्याने त्यानंतर विशिष्ट प्रथिनांच्या चाचण्या करतात.

हा खटाटोप कशासाठी? पेंफिगॉइड बहुधा स्टेरॉइडांना दाद देतो. तिसरा रोग मात्र चिवट असतो. तो वेळीच ओळखला तर डॉक्टरांना उपचारांची दिशा लवकर ठरविता येते.

जाता जाता एक प्रश्न. या सूक्ष्मदर्शकात काप आणि डोळा यांच्या दरम्यान निळा प्रकाश अडविणारी काच बसविलेली असते. ती नसती तर काय दिसले असते? विचार करा.