बिडीने हात गरम होत नाही, गार पडतो



पहाटे जेटीवर बर्फ फोडून क्रेट भरले की हात गारठतात. मग कोणीतरी म्हणतोच, "एक बिडी मार, जरा गरम वाटेल." तोंडाला धूर गरम लागतो, हे खरं. पण हाताचं काय होतं, ते आज आपण बघू.

आपल्या कातडीत अगदी बारीक रक्तवाहिन्या असतात. बोटांच्या टोकांना तर त्यांचं जाळंच असतं. धुरातलं निकोटीन रक्तात गेलं की या वाहिन्या आवळतात. पिशवीची नाडी ओढली की तोंड लहान होतं, तसंच. बोटांपर्यंत रक्त कमी पोचतं. एका सिगारेटनंतर काही मिनिटांतच बोटांचं तापमान उतरतं. म्हणजे आधीच गार असलेला हात आणखी गार पडतो.

दुसरी गोष्ट कार्बन मोनॉक्साइडची. बंद केबिनमध्ये इंजिनाच्या धुराने माणूस बेशुद्ध पडतो, तो याच वायूमुळे. विडी-सिगारेटच्या धुरातही तो असतो. आपलं रक्त या वायूला ऑक्सिजनपेक्षा २०० पटींहून जास्त घट्ट धरून ठेवतं. त्यामुळे जे थोडं रक्त बोटांत पोचतं, त्यातही ऑक्सिजन कमी.

याचा फटका आपल्या धंद्यात कुठे बसतो? जखमेत. शिंगाळ्याचा काटा, गरी, वायर रोप, काही ना काही हाताला लागतंच. जखम भरायला रक्त आणि ऑक्सिजन लागतो. ओढणाऱ्याची जखम उशिरा भरते, चिघळायची भीती जास्त. त्यात मधुमेह असला तर धोका आणखी वाढतो. म्हणूनच ठरवून करायच्या ऑपरेशनच्या निदान ४ आठवडे आधी सिगारेट बंद करायला डॉक्टर सांगतात.

बर्जर नावाचा एक रोग आहे. तो तंबाखूमुळे होतो, बहुतेक पन्नाशीच्या आतल्या माणसांना. हातापायांच्या रक्तवाहिन्या बुजतात, बोटं दुखतात, काळी पडतात, कधी कापावी लागतात. त्यावर मुख्य उपाय एकच, तंबाखू पूर्ण बंद. "बिडी सोडली, आता फक्त मळून खातो," असं चालत नाही. निकोटीन त्यातही आहेच.

चांगली बातमी अशी, की सोडल्यावर एक-दोन दिवसांतच तो विषारी वायू रक्तातून निघून जातो.

१ जून ते ३१ जुलै बंदीचे ६१ दिवस होड्या वर असतात, जाळी शिवायची कामं घरीच चालतात. सोडायला याहून बरा काळ कुठला? मदतीसाठी सरकारचा मोफत नंबर आहे: १८००-११-२३५६.

बोटमालकांना आमची विनंती: बोटीवर मलमपट्टीची पेटी ठेवा. खलाशाची जखम दोन आठवड्यांत भरली नाही, किंवा बोट काळं-निळं दिसलं, तर पुढच्या फेरीची वाट न बघता त्याला डॉक्टरकडे पाठवा. आपलं पोट या हातांवरच आहे.