उन्हाळी दावणीतील जीवनसत्त्व ‘अ’ची तूट

होळीनंतर हिरवी वैरण आटत जाते. दावणीला कडबा किंवा गव्हाचे काड आणि जोडीला सरकी पेंड, भरडा एवढेच उरते. जनावराचे पोट भरते, दूधही काही दिवस टिकते. पण या खुराकात जीवनसत्त्व ‘अ’ जवळजवळ नसते. ते ज्या कॅरोटीनपासून बनते ते हिरव्या पानात असते आणि वैरण उन्हात वाळताना बरेचसे नष्ट होते. पेंड वाढवून ही तूट भरून निघत नाही. अमेरिकेत धान्यावर पोसलेल्या मांसल जनावरांच्या खाद्यात हे जीवनसत्त्व मुद्दाम मिसळतात, ते याच कारणाने.

मार्चमध्येच उपायाला सुरुवात का?
हिरव्या चाऱ्याच्या दिवसांत जनावर हे जीवनसत्त्व यकृतात साठवते. हा साठा साधारण २ ते ४ महिने पुरतो. फेब्रुवारीत हिरवे बंद झाले, तर मे-जूनपर्यंत तो संपत येतो. श्रावणात विणाऱ्या म्हशीचे गाभणपणाचे शेवटचे तीन महिने नेमके याच सुमारास येतात. रेडकू जन्मते तेव्हा त्याच्याकडे साठा नसल्यासारखाच असतो; त्याला जे मिळते ते चिकातून. आईचाच साठा संपला असेल, तर चिकात कुठून येणार?

लक्षणे
दिवेलागणीला अंधूक उजेडात जनावर गोठ्यातून चालवून पाहा. दिवसा नीट चालणारे जनावर तेव्हा खुंट्याला, गव्हाणीला धडकत असेल, तर रातांधळेपणाचा संशय घ्या. डोळ्यांतून पाणी, राठ केस, वासरांना वारंवार हगवण व सर्दी-खोकला, गाभडणे, वार अडकणे, अशक्त किंवा आंधळे वासरू जन्मणे या खुणाही दिसतात. यांतल्या काहींची कारणे वेगळीही असू शकतात, म्हणून निदान पशुवैद्यकाकडूनच करून घ्या.

किती आणि कशातून?
गाभण किंवा दुभत्या जनावराला दर किलो वजनामागे रोज सुमारे ११० आंतरराष्ट्रीय एकक जीवनसत्त्व ‘अ’ लागते. ४०० किलोच्या गाईला ४४ हजार. १ मिलिग्रॅम कॅरोटीनपासून गाईला सुमारे ४०० एकके मिळतात. म्हणजे गरज ११० मिलिग्रॅमची. रोज ४-५ किलो ताजा, हिरवागार लसूण घास ती भागवू शकतो. घास नसेल तर हिरवा मका, संकरित नेपिअर, शेवरीचा पाला द्या. सुबाभूळ एकूण चाऱ्याच्या तिसऱ्या हिश्श्यापेक्षा जास्त नको. पाण्याअभावी खुरटलेली कोवळी ज्वारी मात्र विषारी ठरते. ती मुळीच घालू नका.

हिरवे अजिबात नसेल, तर जीवनसत्त्वयुक्त खनिज मिश्रण वापरा. प्रत्येक मिश्रणात ‘अ’ असतेच असे नाही. पिशवीवरचा मजकूर आणि उत्पादनाची तारीख पाहून घ्या. उष्णता, हवा व ओल यांनी ‘अ’ची ताकद कमी होते. पिशवीचे तोंड बांधून ती सावलीत ठेवा आणि मिश्रण भरड्यात रोजच्या रोज कालवा.

हे टाळा
‘अ’ची इंजेक्शने मनाने टोचू नका, जादा मात्रा यकृतात साठून अपाय करते. मोठ्या जनावराच्या पोटातले जंतू ‘ब’ जीवनसत्त्वे तयार करतात आणि ‘ड’ उन्हातून मिळते. पोट ठीक असेल तर त्यांच्या टॉनिकवर पैसा घालू नका. मात्र भरडा एकदम वाढवला तर पोटात आम्लता होते आणि ‘ब-१’ची कमतरता येऊ शकते. जनावर भिंतीला डोके टेकवून उभे राहिले, त्याला दिवसाही दिसेनासे झाले, तर त्याच तासाला डॉक्टरांना बोलवा.

पहिला मान कोणाचा?
हिरवे थोडेच असेल तर सगळ्या दावणीत चिमूट-चिमूट वाटून त्याचा उपयोग होत नाही. आधी शेवटच्या तीन महिन्यांतल्या गाभण गाई-म्हशी, मग वाढत्या कालवडी आणि वगारी, मग दुभती, शेवटी भाकड जनावरे. वासरू जन्मल्यावर पहिल्या एक-दोन तासांत त्याला चीक पाजाच. वार पडायची वाट पाहू नका. पाणी असेल तर मार्चमध्येच चार गुंठे चाऱ्याचा मका पेरा. मे महिन्यात गाभण म्हशीपुढे टाकायला तोच हाताशी येईल.